कॅमेऱ्यातले फोटो लॅपटॉपवर कसे घेऊ? केबल लावून काहीच दिसत नाही

साखळीचा_नातू
नमस्कार मंडळी, चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, फोटो कॅमेऱ्यात अडकून पडलेत. कॅमेरा कॅनन १३००डी, कार्ड ३२ जीबीचं, लॅपटॉप नवा विंडोज ११ वाला आणि त्याला कार्ड घालायची जागाच नाही. गेल्या वर्षी जुन्या लॅपटॉपला केबल लावली की लगेच फोटो यायचे, आता केबल लावतो, कॅमेरा चालू करतो तर स्क्रीनवर काही येत नाही, तो टुंग आवाजसुद्धा नाही. जुनी केबल सापडली नाही म्हणून घरातल्या छोट्या स्पीकरची होती ती लावलीय, तोंड बरोबर बसतं.

साडेआठशे फोटो आहेत, बहुतेक माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतो त्या लाकडी चौकटीचे. यंदा आजोबांनी स्वतः बसून माटोळी बांधून घेतली, कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, एकेक वस्तू हातात धरून नाव सांगत होते आणि मी फोटो काढत होतो. ऐंशी पार केलीत त्यांनी, पुढच्या चवथीला इतका वेळ बसायला जमेल की नाही कोण जाणे, म्हणून यातला एकही फोटो जाता कामा नये. बहिणीने कॅमेऱ्याचं वायफाय चालू करून दहाबारा मोबाइलवर घेतले पण मला सगळे हवेत, रॉसकट, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ मोठ्या फाइलींसकट.

म्हापसा७
केबल बदल आधी. स्पीकरबरोबर येतात त्या बऱ्याचदा नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत करंटच्या दोनच तारा, डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून बघून कळत नाही. दुकानात मिनी यूएसबी डेटा केबल म्हणून माग, मोबाइलची मायक्रोवाली बसणार नाही.

केरी_सत्तरी
केबल बदलाच, पण तुमच्याच लिखाणात दुसरं कारण आहे बघा. बहिणीने वायफाय चालू केलं म्हणता ना, मग मेनूत वायफाय/एनएफसी अजून चालूच राहिलं असेल. या कॅमेऱ्यात ते चालू असताना केबलने कॉम्प्युटरशी बोलणं बंद असतं, वापरायच्या पुस्तिकेतही दिलंय पण तिथपर्यंत कोण वाचतं. ते डिसेबल करा, कॅमेरा बंद करा, केबल लावा, मग चालू करा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, मध्येच संपली तर परत पहिल्यापासून.

जोडला गेला की धिस पीसीमध्ये (जुन्या विंडोजमधलं माय कॉम्प्युटर) पेनड्राइव्हसारखं ई किंवा एफ अक्षर शोधू नका, कॅमेऱ्याचं नावच दिसेल. आत डीसीआयएम, त्यात १००कॅनन असा फोल्डर, फोटो तिथे. विंडोजच्या फोटोज अ‍ॅपमधलं इम्पोर्टही चालतं पण मी स्वतः फोल्डर उघडून कॉपी करते, काय आलं काय राहिलं ते डोळ्यांसमोर असतं. आणि वायफायच्या नादाला साडेआठशे फोटोंसाठी लागू नका, त्या अ‍ॅपमधून या कॅमेऱ्याची रॉ फाइल रॉ म्हणून येतच नाही, जेपेग होऊन येते.

आजोबांचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे रानात जाऊन आणणारे होते ते गेले, आता अर्धी माटोळी बाजारातून येते आणि निम्म्या फळांची नावं घरात कुणाला ठाऊक नाहीत.

फोंडेकर_शटर
मी म्हणेन केबलचा नादच सोड, कार्ड रीडर घे. चारपाचशेत चांगला मिळतो, यूएसबी ३ चा घे. कॅमेऱ्याची केबल यूएसबी २ ची, २५-२६ जीबी यायला अर्धा तास सहज जाईल, रीडरने कार्ड चांगलं असेल तर दहा मिनिटांच्या आसपास. कॅमेऱ्याची बॅटरीही जळत नाही. कार्डाच्या डाव्या कडेला बारीक खटका असतो तो खाली सरकवून लॉक कर, म्हणजे चुकून काही पुसलं जात नाही. आपल्याकडे पावसात कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर दमटपणा बसतो, कोरड्या सुती कापडाने हलकं पुसून मग घाल.

दोन गोष्टी जीव तोडून सांगतो. विंडोजने "हे कार्ड आधी फॉरमॅट करावं लागेल" असं विचारलं तर अजिबात हो म्हणू नको. आणि कट-पेस्ट करू नको, कॉपीच कर. शिगम्याला, म्हणजे आपल्या होळीच्या सणाला, रोमटामेळाच्या मिरवणुकीचे फोटो मी कट करून घेत होतो आणि मध्येच लॅपटॉप बंद पडला, साठेक फोटो ना इकडे ना तिकडे. नशिबाने त्या कार्डावर नंतर काही काढलं नव्हतं, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून बहुतेक परत मिळाले, पण फाइलींची नावं सगळी गेली आणि बाराएक कायमचे गेले. त्यात घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याचे होते, ते अजून सलतंय.

केरी_सत्तरी
शटरदादांचं कट-पेस्टबद्दलचं अगदी बरोबर. अजून एक, कॅमेऱ्याचे नंबर ९९९९ झाले की परत ०००१ पासून सुरू होतात, तेव्हा जुन्या फोल्डरमध्ये नवे फोटो ओतू नका, एकाच नावाची फाइल आली की रिप्लेस विचारतं आणि घाईत आपण हो करतो. दर वेळी तारखेचा वेगळा फोल्डर.

साखळीचा_नातू
आले!! दोन्ही कारणं होती. शेजाऱ्यांकडून डेटा केबल आणली तरी दिसेना, मग मेनूत बघितलं तर वायफाय चालूच होतं, बंद केलं आणि लगेच टुंग झालं. पस्तीस मिनिटं लागली, कार्डावर ८५२ आणि लॅपटॉपवर ८५२, मोजून बघितले. दुसरी कॉपी एक्स्टर्नल डिस्कवर घेऊन ती मडगावला मावशीकडे ठेवायला दिलीय, कार्डही अजून तसंच, फॉरमॅट केलेलं नाही. रीडरही घेणार आहे. केरीताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी नवी केबलपण खराब म्हणून परत दिली असती. देव बरें करूं.

आता आजोबा रोज संध्याकाळी बाजूला बसून एकेका फोटोतल्या फळाचं नाव सांगतात, मी वहीत लिहितोय. ते फोटोच्या आतच लिहून ठेवता येतं का?

म्हापसा७
येतं. डिजिकॅम नावाचं फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर घाल, फुकट आहे, कॅप्शनमध्ये देवनागरीत टाइप कर. जेपेगच्या आतच जातं, रॉसाठी बाजूला एक्सएमपीची छोटी फाइल करायला सेटिंगमध्ये सांगावं लागतं, कॉपी करताना ती पण बरोबर ने. वही टाकू नको मात्र. आणि आजोबांना विचार, त्या घागऱ्यो कुठल्या डोंगरावर मिळाल्या, तेही लिही.