गड्ड्याच्या यात्रेचे चित्रीकरण ब्लू-रे डिस्कवर: देवनागरी मेनू बिघडतो, दारूकाम अडखळते

होटगीरोडकर:
नमस्कार. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यंदाच्या गड्ड्याच्या यात्रेचे सुमारे तीन तासांचे संकलित चित्रीकरण माझ्याकडे तयार आहे. भोगीचा ६८ लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा होमविधी आणि शेवटचे शोभेचे दारूकाम असे त्याचे चार भाग आहेत. माझ्या वडिलांनी अनेक वर्षे बाराबंदी (पारंपरिक पांढरा अंगरखा) घालून नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतील उंच काठी, पेलला. आता गुडघ्यांमुळे त्यांना मिरवणुकीबरोबर चालवत नाही. त्यांच्या टीव्हीला ब्लू-रे प्लेअर जोडलेला आहे आणि रिमोट त्यांच्या हाताला सरावाचा आहे, म्हणून हवा तो भाग मेनूतून निवडता येईल अशी डिस्क त्यांना द्यायची आहे.

दोन अडचणी आहेत. मेनूत ‘सिद्धेश्वर’ लिहिले की ‘स’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात. दुसरे म्हणजे, पहिली डिस्क जाळून (म्हणजे तिच्यावर चित्रीकरण लिहून) पाहिली तेव्हा तीन भाग व्यवस्थित चालले, परंतु दारूकामाच्या वेळी चित्र थांबत थांबत पुढे सरकत होते. मूळ चित्रीकरण १९२० बाय १०८० आकाराचे, सेकंदाला ५० फ्रेमचे आहे; ते मी २५ फ्रेमवर आणले आणि ठरावीक गुणवत्तेच्या पद्धतीने एन्कोड केले, म्हणजे डिस्कसाठी आकुंचित केले. माझे कोठे चुकले असावे?

जुनीमिलचाळ:
आधी दारूकामाचे पाहू, कारण त्याचे कारण आपण स्वतःच लिहिले आहे. ठरावीक गुणवत्तेच्या पद्धतीत एन्कोडर प्रत्येक दृश्याला लागेल तेवढा बिटरेट (दर सेकंदाला लागणारी माहिती) देतो. काळ्या आकाशात हजारो ठिणग्या एकाच वेळी पसरतात, तेव्हा कोणतीही फ्रेम आधीच्या फ्रेमसारखी उरत नाही, आणि वर मर्यादा घातलेली नसेल तर बिटरेट उसळून प्लेअरच्या आवाक्याबाहेर जातो. ब्लू-रेवर चित्राचा बिटरेट सेकंदाला ४० मेगाबिटच्या पुढे जाता कामा नये. एक्स२६४ हा एन्कोडर वापरत असाल तर ब्लू-रे सुसंगतीचा पर्याय चालू करा, लेव्हल ४.१ ठेवा, कमाल बिटरेट ४०,००० आणि बफर ३०,००० (दोन्ही किलोबिटमध्ये) लिहा, आणि दर सेकंदाला किमान एक की-फ्रेम (आधीच्या फ्रेमवर न विसंबणारी पूर्ण फ्रेम) येईल असे पाहा. एकपदरी डिस्क २५ जीबीची असते. तीन तासांसाठी सरासरी १६ मेगाबिट धरून दोन फेऱ्यांत एन्कोड केले, तर डॉल्बी आवाज आणि मेनू धरूनही सारे तीत मावते.

दुसरी गोष्ट फ्रेमची. सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमचे १०८० चित्र साध्या ब्लू-रेच्या प्रमाणात बसत नाही हे खरे, पण त्यासाठी निम्म्या फ्रेम टाकून देऊ नका. त्याच चित्राचे ५० फील्डचे इंटरलेस्ड रूप करा; त्यात प्रत्येक फील्डमध्ये चित्राच्या एकाआड एक ओळी असतात. गर्दीवरून डुलत जाणाऱ्या काठ्यांची लय त्यात टिकते. २५ फ्रेममध्ये ती तुटक दिसते, आणि ज्यांनी काठी पेलली आहे त्यांच्या डोळ्यांना ते पहिल्या मिनिटातच जाणवेल.

अक्षरजुळणी:
मेनूतील अक्षरे मोडतात, कारण बहुतेक जुने ऑथरिंग प्रोग्रॅम, म्हणजे डिस्कचा मेनू व रचना बनवणारे प्रोग्रॅम, देवनागरीची अक्षरे एकापुढे एक मांडत जातात. वेलांटी आधी घ्यायची आणि ‘द्ध’ जोडायचा हे त्यांना शिकवलेलेच नसते. त्यामुळे त्या प्रोग्रॅममध्ये मजकूर टाइप करूच नये. इंकस्केप किंवा गिम्प या चित्र बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये शीर्षके लिहा, पीएनजी चित्र म्हणून साठवा आणि ते चित्रच मेनूत आणा.

येथे आपल्या लिपीची एक वेगळीच अडचण आहे, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही. इंटरलेस्ड चित्रात एका पिक्सेलची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते आणि त्यामुळे सतत लुकलुकते. रोमन अक्षरांत अशा आडव्या रेघा तुटक असतात. आपली शिरोरेखा मात्र संपूर्ण शब्दावरून जाते, म्हणून बारीक टंकातले अख्खे शीर्षक थरथरताना दिसते. जाड टंक घ्या आणि शिरोरेखा किमान चार पिक्सेल जाडीची ठेवा.

मेनूतील बटणांच्या थरात एका वेळी २५६ रंगांचीच पट्टी असते. म्हणून तलावाचे किंवा मंदिराचे पार्श्वचित्र व्हिडिओ म्हणून ठेवा आणि बटणाच्या थरात फक्त निवड दाखवणारी चौकट असू द्या. बटणाच्या साध्या, निवडलेल्या आणि दाबलेल्या अशा तीन अवस्था असतात. निवडलेली अवस्था भडक पिवळी किंवा केशरी असावी, कारण वडीलधाऱ्यांना फिक्या छटांतला फरक कळत नाही. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, तेव्हा मजकूर कडेपासून आत घ्या. एक भाग संपला की पुन्हा मेनूवर येण्याची आज्ञाही विसरू नका, नाहीतर पडदा काळा राहतो आणि प्लेअर बिघडला असे घरच्यांना वाटते.

बाळीवेस:
वरील उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त पहिले प्रयोग पुन्हा लिहिता येणाऱ्या बीडी-आरई डिस्कवर करावेत. मी अशा प्रयोगांत चार कोऱ्या डिस्क वाया घालवल्या, आणि त्या स्वस्त नव्हत्या. इमगबर्न या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्रॅमने जाळताना फाइल प्रणाली यूडीएफ २.५० निवडा आणि जाळून झाल्यावर पडताळणी होऊ द्या. अंतिम प्रतीसाठी सेंद्रिय रंगद्रव्याची, म्हणजे वेष्टनावर एलटीएच लिहिलेली डिस्क घेऊ नका. ती प्रकाशाला आणि उष्णतेला लवकर बधते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा डिस्क पत्र्याखालच्या माळ्यावर न ठेवता कपाटात उभी ठेवावी. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले आहे, म्हणून दोन-चार कोऱ्या डिस्क जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवरही जपावी.

होटगीरोडकर:
सर्वांचा मनापासून आभारी आहे. मर्यादा घालून पुन्हा एन्कोड केल्यावर दारूकाम एकदाही न थांबता चालले. शीर्षके इंकस्केपमध्ये जाड टंकात केली आणि ‘सिद्धेश्वर’ शुद्ध उमटले. वडिलांनी पहिल्यांदा अक्षता सोहळ्याचेच बटण दाबले आणि तो भाग संपून मेनू आल्यावर पुन्हा तेच दाबले. आता त्यांची मागणी अशी आहे की सातही नंदीध्वज ज्या क्षणी संमती कट्ट्याजवळ पोहोचतात, तेथे वेगळी प्रकरण-खूण असावी. ती पुढच्या प्रतीत घालतो.