अनुभव धागा : लिव्हर प्रत्यारोपण आणि रक्तगट

किडनीवर बरंच लिहून झालं, आता लिव्हर. घरात कुणी दिलंय, कुणाला मिळालंय, किंवा रक्तगटापाशीच गाडी अडलीय, त्यांनी लिहा. हॉस्पिटलची आणि डॉक्टरांची नावं नकोत.

मुलुंडकर
लिव्हर बाबांना हवं होतं. बाबा ओ, आई एबी. अशा जोडप्याचं एकही मूल सहसा ओ निघत नाही. आम्ही भावंडं कुणी ए, कुणी बी. ओ गटवाला लिव्हर देऊ कुणालाही शकतो, घेताना मात्र त्याला ओच लागतं. म्हणजे पोटची पोरं समोर उभी आणि एकही उपयोगाचं नाही! आई दिवसभर गप्प होती, जणू तिचाच गुन्हा.
काका ओ निघाले. सख्खा भाऊ, त्यामुळे कायद्याने जवळचे नातेवाईक, कागदपत्रांची फारशी कटकट नाही. पण सीटी स्कॅनमध्ये फॅटी लिव्हर. "आधी वजन उतरवा." मग काका रोज पहाटे कालिदास नाट्यगृहाच्या बाजूला चालायला. लिव्हर साफ झालं, तेव्हा कुठे उजवा भाग काढला. दोघंही ठीक आहेत. काका अजून पहाटेच उठतात आणि सगळ्यांना उठवतात.

गिरगावची चारू
मी बी पॉझिटिव्ह, नवरा बी निगेटिव्ह. सासूबाई हटून बसल्या, "निगेटिव्हला पॉझिटिव्ह चालेलच कसं?" कोऑर्डिनेटर ताईंनी समजावलं की रक्त चढवताना प्लस-मायनस बघतात, लिव्हरसाठी ते आड येत नाही. किडनीसारखं टिश्यू मॅचिंगही लागत नाही. लग्नाचा दाखला आणि फोटो मात्र लागले. मुंडावळ्या बांधलेला फोटो फाइलला जोडला!

सायनवाला
आमची दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल. मी ए, बायको बी, दुसऱ्या कुटुंबात नेमकं उलट. 2011 च्या कायदादुरुस्तीने याला परवानगी आहे. चारही ऑपरेशनं एकाच वेळी, म्हणजे ऐनवेळी कुणी माघार घ्यायला नको. ते सुरतेचे. अजून दिवाळीला आमच्या चकल्या तिकडे, त्यांचे खाखरे इकडे.

विक्रोळीची मावशी
भाचीचं बाळ, पित्तनलिकेचा जन्मजात आजार. बाळ ओ, आई ए. इतक्या लहान बाळात ए-बी विरुद्धच्या अँटीबॉडी कमी असतात, म्हणून डॉक्टरांनी त्यांची पातळी मोजून आईच्या लिव्हरचा डावीकडचा छोटा तुकडा घेतला. आता बालवाडीत जातंय.

अनामिक
मोठ्यांतही गट न जुळता करतात. माझ्या दिराचं झालं. ऑपरेशनच्या काही आठवडे आधी रिटुक्सिमॅबचं (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं) इंजेक्शन, मग प्लाझ्मा बदलून अँटीबॉडी खाली आणायच्या. पातळी उतरते, पुन्हा चढते, रोज रिपोर्टची वाट. खर्च वाढतो आणि जंतुसंसर्गाची भीतीही. जुळणारा दाता किंवा अदलाबदल मिळत असेल तर आधी तेच बघा, असं माझं मत. मेंदूमृत दात्याचं लिव्हर हवं असेल तर हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीच्या (अवयववाटप बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या) यादीत नावही घालून ठेवा. दोन्ही एकदम चालतं.

चारकोप
मुलुंडकर, काकांनी वजन कसं उतरवलं? मेहुणा तिथेच अडकलाय.

मुलुंडकर
दारू, फरसाण आणि रात्रीचा भात पूर्ण बंद. पण हे मनाने नाही, तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आखून दिलं होतं. आधी त्यांनाच भेटा.