कोरफडीचा पिवळा चीक: काढायचा की राहू द्यायचा?

परसदार_गुहागर
आमच्या परसात कोरफड नुसती माजलीय, पावसात बुडाशी थोडी कुजली होती पण आता परत जोरात आहे. मुलाला (वय ४) खोकला झालाय तर सासूबाई म्हणतात पात चुलीवर भाज, रस पिळ आणि हळद-मध घालून चाटव. पण पात कापली की ते पिवळं कडूजार पाणी येतं ना, ते पोटात गेलं तर चालतं का? यूट्यूबवर एकजण अख्खी पात सालीसकट मिक्सरला लावतो.

माडाखालचो
मिक्सर नको गो बाय! पात कापून उभी करून ठेव, ता पिवळा पाणी आधी गळान जाऊक व्हया. मगे साल काढ नि गर धुवून घे. आमची आजी असाच करी.

काष्ठौषधी
आजी बरोबर. तो चीक सालीच्या लगेच खाली असतो, आतल्या पारदर्शक गरात नाही. तोच आटवून वाळवला की दुकानात मिळतो तो काळा बोळ, जबरदस्त रेचक, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, म्हणून लहान मुलाला नाहीच आणि गरोदर बाईलाही नाही. अमेरिकेत तर २००२ मध्ये एफडीएने (तिथलं औषध नियंत्रण खातं) दुकानात सहज मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून तो बंद केला. आपल्याकडे कुमारी आसव कोरफडीचंच, पण ते वैद्याला विचारून, उगाच टॉनिक म्हणून ढोसायचं नाही. आणि खरं सांगू, त्या चाटणात खोकल्याला आराम पडतो तो बराचसा मधाने, माझं तरी तेच मत. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको.

परसदार_गुहागर
मग नुसतं मध-हळदच देते, सासूबाईंना मी बघते 😅 काल घावने करताना तव्याचा चटका बसलाय मला, त्यावर गर लावू का?

काष्ठौषधी
साधा चटका असेल आणि कातडी फुटली नसेल तर लाव, पण चटका बसल्या बसल्या आधी वीसेक मिनिटं नळाखाली हात धरायचा असतो, गर त्यानंतर. खाज किंवा पुरळ आली तर धुवून टाक, काहींना सोसत नाही. मोठा फोड आला असेल तर डॉक्टर. पोराला ताप असेल किंवा धाप लागत असेल तरी तेच, चाटणावर थांबू नको.

माडाखालचो
नि उरलेलो गर खोबरेल तेलात कढव, केसांका लाव. पाणी पुरा आटाक व्हया, नायतर तेल खवट जाता.