भाषा कोणत्या येतात? तौलनिक साहित्याच्या प्रवेशअर्जांचे अनुभव

शमी
परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन. अमेरिकेत तौलनिक साहित्याच्या, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतलं साहित्य शेजारी ठेवून अभ्यासायच्या विषयाच्या, पीएचडीसाठी अर्ज भरतेय, मुदत १५ डिसेंबर. "मावशी, कोणत्या भाषा वाचता येतात असं विचारलंय. मराठी लिहू? की फ्रेंच येत नाही म्हणून रकाना मोकळाच ठेवू?" माझी झोपच उडाली.

१९९७ साली मीही इथेच अडले होते. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने हावडा, पुढे बसने कोलकात्यातलं जादवपूर विद्यापीठ. बंगाली कवी बुद्धदेव बसूंनी १९५६ मध्ये सुरू केलेला तौलनिक साहित्याचा विभाग, देशातला पहिला, एवढंच सरांकडून ऐकलेलं. बंगाली शून्य. परीक्षा झाल्यावर विभागात एक बाई भेटल्या. म्हणाल्या, मराठीत काय वाचतेस? मी इंग्रजी कादंबऱ्यांची नावं सांगत राहिले. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग मी आजीची जात्यावरची ओवी म्हणून दाखवली. बाई म्हणाल्या, आता इंग्रजीत कर आणि काय निसटलं ते सांग. ओवीतल्या "गं"चं इंग्रजीत काय करायचं, यावर आम्ही चांगली दहा मिनिटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आजीचा "गं" इतक्या गंभीरपणे घेतला होता.

भाचीला सांगितलं, मराठी पहिल्या ओळीत लिही. तुम्हीही लिहा तुमचे अनुभव. प्रवेश मिळाला नसेल तरी लिहा.

गोदाकाठ
अगदी अगदी! मी २०१२ ला अर्ज भरले. तेव्हा काही ठिकाणी साहित्याची जीआरई विषय परीक्षा (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची) मागायचे. सगळं इंग्रजी, आपलं एक अक्षर नाही. २०२१ मध्ये ती बंद झाली, भाचीला सांग सुटलीस. कुकर झालाय, येते परत.

नांगरट
पाकिटं. २००९ च्या आसपास ज्यांनी अर्ज केले त्यांना लगेच कळेल. गुणपत्रकांच्या प्रती विद्यापीठाने बंद पाकिटात घालून जोडावर सही-शिक्का मारून द्यायच्या. सहा अर्ज, सहा पाकिटं. मी तेव्हा दिल्लीत, म्हणून वडील परभणीहून तीनदा एसटीने गेले. तिसऱ्या खेपेला साहेब होते, पण शिक्क्याच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. वडील रात्री स्टँडवर झोपले आणि सकाळी पाकिटं घेऊनच निघाले. पाऊस होता, म्हणून शर्टाच्या आत पोटाशी धरून आणली. तरी एकावरची शाई पसरली. ते मी पाठवलं नाही, दुसरं मागवलं. पसरलेल्या शिक्क्याचं पाकीट अजून माझ्याकडे आहे. वडील २०१९ ला गेले.

शमी
दादा, काय लिहू. जपून ठेवा ते.

मांडवीतीर
मी लंडनला एमएसाठी अर्ज केला. भाषा कोंकणी, मराठी, पोर्तुगीज. पोर्तुगीजचा कागद काहीच नव्हता. आजोबांकडे गोव्यातल्या 'ओ हेराल्डो'ची कात्रणं होती, १९८३ पर्यंत तो पेपर पोर्तुगीजमध्ये निघायचा. जेवण झालं की ते मला त्यातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचायला लावायचे. उच्चार चुकला की परत पहिल्यापासून. एसओपीत (का शिकायचंय ते सांगणाऱ्या निबंधात) हेच लिहिलं, घराच्या एका खोलीत तीन भाषा कशा नांदतात ते. प्रवेशाचं पत्र आलं त्यात त्या परिच्छेदाचा खास उल्लेख होता.

रविवारची साय
शमीताई, बंगाली किती दिवसांत आलं? आमची कोलकात्याला बदली होतेय.

शमी
अक्षरं लावून वाचायला दीड महिना. "अ"चा "ओ" कानात बसला की सोपं जातं. तिथे मावशीला माशी म्हणतात. मेसमधल्या बाईंना "माशी" हाक मारायला माझी जीभच वळेना. त्यांनीच शिकवलं मला बोलायला.

रविवारची साय
बाप रे, माशी! आणि मिष्टी दोई मातीच्या भांड्यातच मिळतं ना?

गोदाकाठ
हो. भांडं टाकू नकोस, विरजणाला फार छान.

चैत्रपालवी
मुलगी बारावीला आहे, तिला हेच करायचंय. खर्चाचं काय? घरी सगळे घाबरलेत.

मांडवीतीर
लंडनच्या एमएला मी कर्ज काढलं, फेडायला सात वर्षं लागली. अमेरिकेत पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं, शिकवायचं काम करावं लागतं. पण बारावी म्हणजे अजून वेळ आहे. आत्ता तिला एक भाषा नीट शिकू दे.

बखरवाचक
अर्जासोबत आपला एक निबंध जोडायचा असतो, त्या लेखननमुन्याबद्दल कुणी बोललंच नाही. खरी मेहनत तिथेच. मी २० पानं आगरकरांनी केलेल्या शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या भाषांतरावर लिहिली, १८८३ चं 'विकारविलसित'. त्यात हॅम्लेटचा चंद्रसेन होतो. पहिल्या खर्ड्यात मूळ असं, मराठी तसं, एवढंच होतं. मॅडमनी परत दिलं. म्हणाल्या, तुलना म्हणजे दोन याद्या नव्हेत, तुझा प्रश्न काय? आठवडाभर काही सुचेना. मग लक्षात आलं, आगरकरांनी हे भाषांतर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात केलं, टिळकांबरोबर १०१ दिवस होते तेव्हा. आणि तो राजपुत्र म्हणतो, सगळा डेन्मार्कच तुरुंग आहे. डोंगरीत बसून ते वाक्य मराठीत आणताना त्या माणसाला काय वाटलं असेल? तिथून सगळं नव्याने लिहिलं.

गोदाकाठ
अंगावर काटा आला. निबंध असेल तर पाठवा ना.

आत्याचा भाचा
माझी आत्या मुंबई विद्यापीठात ७० च्या दशकात वसंत बापटांच्या तासांना बसायची. ते तिथे तौलनिक साहित्य शिकवत. बाकीच्यांना ते कवी म्हणून माहीत, ती मात्र अजून "आमचे सर" म्हणते.

ओली साद
सहा अर्ज, सहा नकार. फीचेच चाळीस हजारांवर गेले, भावाने दिले होते. सर ७४ वर्षांचे. शिफारसपत्राची लिंक त्यांना उघडेना म्हणून मी लॅपटॉप घेऊन घरी गेले. पत्र आधी वहीत मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं, मग एका बोटाने टाइप. मी वाचू नये म्हणून मला स्वयंपाकघरात बसवलं, काकूंनी पोहे दिले. सहावा नकार आल्यावर महिनाभर त्यांना फोन केला नाही. शेवटी त्यांचाच आला. "पत्र तयार आहे बाळा, पुढच्या वर्षी तारीख बदलू." पुढच्या वर्षी हैदराबादला मिळालं.

नांगरट
ताई, सरांना नमस्कार सांगा.

शमी
भाचीने रकान्यात मराठी, हिंदी, संस्कृत लिहिलं. आता विचारतेय, नमुन्यातले मराठी उतारे देवनागरीतच ठेवू का?

बखरवाचक
ठेव म्हणावं. आधी मूळ, खाली इंग्रजी. आणि पीडीएफ पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघ, वेलांट्या जागच्या सरकतात.