१४ दिवस समुद्रावर, १४ दिवस घरी

चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुट्टी म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणाऱ्यांना अर्धे वर्ष आराम, असे अनेकदा म्हटले जाते. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर एकतीस वर्षे काढल्यामुळे त्यात थोडी भर घालतो.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या विहीर खोदणाऱ्या रिगला १९७४ मध्ये तेल लागले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथले चौदा दिवस म्हणजे रोज बारा तासांची पाळी, आणि पावसाळ्यात जुहूहून हेलिकॉप्टर उडाले नाही, की बदली माणूस येईपर्यंत तीच पाळी पुढे चालू. माझ्या मुलीच्या बारशाच्या दिवशी मी असाच अडकलो होतो. रेलिंगवरचे मीठ हाताला चिकटत होते आणि फ्लेअरच्या, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या ज्योतीच्या, उजेडात रात्रसुद्धा नारिंगी दिसत होती.

२७ जुलै २००५ रोजी जखमी स्वयंपाक्याला उपचारांसाठी प्लॅटफॉर्मवर पोहोचवायला आलेले जहाज खवळलेल्या समुद्रात रायझरवर, म्हणजे वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळीवर, आदळले आणि लागलेल्या आगीत २२ जणांचा बळी गेला. त्यानंतर लाइफबोटीचा सराव कोणी टाळला, तर मला ते मुळीच खपत नसे, आणि ते योग्यच होते असे मी आजही मानतो.

नव्याने रुजू होणाऱ्यांनी श्रवणचाचणीचे अहवाल पहिल्या वर्षापासून जपून ठेवावेत. कॉम्प्रेसरजवळ, म्हणजे वायू दाबणाऱ्या कर्कश यंत्राजवळ, इअरमफ न काढण्याची सवय मला फार उशिरा लागली आणि आता डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही.