भास, भ्रम आणि चकवा यांत नेमका फरक काय?

प्रश्न (दादरहून): काल सकाळच्या लोकलमध्ये खिशातला मोबाइल थरथरल्याचे मला स्पष्ट जाणवले. हात घातला तर खिसा रिकामा. मोबाइल घरी चार्जिंगलाच राहिला होता. आई म्हणाली, ‘भास झाला असेल’. कार्यालयातील सहकारी म्हणाले, ‘हा भ्रम आहे’. योग्य शब्द कोणता? आणि आजी म्हणायची तो ‘चकवा’ कोणता?

उत्तर १: आपल्या आईंचा शब्द योग्य आहे. काहीही नसताना काही दिसणे, ऐकू येणे किंवा जाणवणे म्हणजे भास; समोरच्या दोरीच्या जागी साप दिसणे, अर्थात असलेल्या वस्तूचे चुकीचे ज्ञान होणे, हा वेदान्तातल्या दृष्टान्तातला भ्रम. मानसोपचारात मात्र पुरावा दाखवूनही न ढळणाऱ्या चुकीच्या समजुतीलाही भ्रम म्हणतात, म्हणून हा शब्द कोणालाही सहज चिकटवू नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २: थोडी असहमती नोंदवतो. कापडाचे घासणे किंवा मांडीच्या स्नायूचे फुरफुरणे मेंदूने मोबाइलची थरथर समजून घेतले असेल, तर तो दोरी-सापाचाच प्रकार ठरतो. मोबाइल वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो, घाबरू नका. बोलताना ‘भास’च म्हणावे.

उत्तर ३: चकव्याविषयी. रात्री रानात वाट चुकून माणूस फिरून फिरून त्याच आंब्याखाली आला, की आमच्या आजोळी, कोकणात, ‘चकवा लागला’ म्हणतात. सूर्य-चंद्र दिसत नसताना माणसे सरळ चालत असल्याच्या समजुतीत गोल फिरतात, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. भुताला दोष देणारा हा शब्द अनुभवाचे वर्णन मात्र अचूक करतो.