ताई ओ ते शेक पिक: बी विंगच्या ग्रुपवर रविवारी सकाळी

शिल्पा (301): जोशीकाका, फोटो भारी आलेत! पण हे हाँगकाँग? तिथे नुसत्या इमारती असतात ना?

जोशीकाका (402): इमारती बघून तीन दिवसांत मान धरली. हे लांटाऊ बेट. हाँगकाँगच्या मुख्य बेटाच्या जवळजवळ दुप्पट, विमानतळ त्याला चिकटूनच. डोंगरच डोंगर, सगळ्यात उंच 934 मीटर. बेटाला वळसा घालणारी 70 किलोमीटरची पायवाट आहे, तिचे 12 टप्पे पाडलेत. मी आणि लेकीने सातवा-आठवा केला. ताई ओ गाव ते शेक पिक धरण, 16 किलोमीटर. सकाळी साडेआठला निघालो, पाचला पोचलो.

मिलिंद (104): 16 किलोमीटरला साडेआठ तास? कमाटीबागेत तर तुम्ही मला मागे टाकता!

जोशीकाका: तीच तर गंमत आहे. लेकीने विचारलं, बाबा, शिखर की किनारा? मी म्हटलं किनारा, गुडघ्यांना बरं. आपण पडलो बडोद्याचे. समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सपाट वाळू आणि भेळेची गाडी. तिथे डोंगर थेट पाण्यात उतरलेत. खाडी आली की उतरायचं, पुढचं टोक आलं की पुन्हा चढायचं, आणि तेही दगडी पायऱ्यांनी. पावागढ एकदा चढला की सुटलो. इथे छोटे छोटे पाच-सहा पावागढ, आणि प्रत्येक वेळी वाटतं हाच शेवटचा.

रेखाकाकू (402): "गुडघ्यांना बरं" म्हणणारा माणूस नंतर दोन दिवस कठडा धरून जिना उतरत होता, तेही लिहा.

जोशीकाका: लिहिणारच होतो.

प्रधान (203): ताई ओ म्हणजे पाण्यात खांबांवर घरं असलेलं कोळ्यांचं गाव ना? तिथे मासे वाळवतात म्हणे.

जोशीकाका: तेच. तुंग चुंगहून 11 नंबरच्या बसने गेलो. बसमधून उतरल्या उतरल्या वास! बारीक कोळंबी मीठ घालून वाटतात आणि उन्हात मुरवतात. आपल्या जवळ्याचा चुलतभाऊच म्हणा. प्रधान, तुम्ही तिथेच मुक्काम ठोकला असता.

प्रधान: आमच्या आजीने सोडे पत्र्यावर वाळत घातले की दांडिया बाजारातले शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. मला तो वास म्हणजे माहेर.

शिल्पा: पुढे सांगा ना काका. वाटेत गावं लागतात?

जोशीकाका: यी ओ लागतं. तिथे ओस पडलेली भातखाचरं पुन्हा लावलीत. डिसेंबर असल्यामुळे खाचरं कोरडी होती, पण बांध बघून बरं वाटलं. बाकी बरीच घरं बंद. दाराला कुलूप, दारावर लाल कागद, अंगणात झुडपं. कोकणात जाऊन आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

मग बेटाचं नैर्ऋत्य टोक, फान लाऊ. नावाचा अर्थ "प्रवाह वेगळे होतात ती जागा". पर्ल नदीचं गढूळ पाणी एका बाजूला, खुल्या समुद्राचं पाणी दुसऱ्या बाजूला. अगदी आखलेली रेघ दिसली असं म्हणणार नाही, पण रंग बदलतो खरा. वर एक जुना किल्ला आहे, 1729 च्या सुमाराचा. चाच्यांवर नजर ठेवायला चिनी बादशाहीने बांधला.

देशपांडेसर (101): 1729! थोरले बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धावले ते हेच साल. किल्ला केवढा?

जोशीकाका: सर, तुमच्यासाठी मुद्दाम पावलांनी मोजला. लांबी साधारण 45 मीटर, रुंदी त्याच्या निम्मी. आपल्याकडे याला कोणी गढीसुद्धा म्हणणार नाही. पण जागा अशी निवडलीय की खाडीच्या तोंडाशी येणारं प्रत्येक गलबत दिसावं. मुख्य वाट सोडून जरा वर जावं लागतं. लेक म्हणाली राहू दे, वेळ जाईल. किल्ला आहे म्हटल्यावर राहू कसं द्यायचं?

सेक्रेटरी: कृपया लक्ष द्या. उद्या सोमवारी सकाळी 10 ते 1 टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे. जोशीकाकांचं चालू द्या.

जोशीकाका: पाण्यावरून आठवलं. माझी खरी चूक तिथेच झाली. दोघांत मिळून दोन लिटर घेतलं. म्हटलं डिसेंबर आहे, गावं लागतील, दुकान असेल. ताई ओनंतर मला एक दुकान उघडं दिसलं नाही. फान लाऊला पोचेपर्यंत सव्वा लिटर संपलं होतं. माणशी दोन लिटर घ्या, आणि ते ताई ओलाच घ्या.

मिलिंद: आणि वाट चुकलात तर?

जोशीकाका: दर 500 मीटरला क्रमांक घातलेला खांब आहे. काही झालं तर 999 ला फोन करून तो क्रमांक सांगायचा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्यांना नेमकं कळतं. आपल्या पावागढला असे खांब लावले तर किती बरं होईल.

शेवटचे पाच-साडेपाच किलोमीटर मात्र चढच नाही. काऊ लिंग चुंगपासून डोंगराच्या कमरेला एक सिमेंटचा कालवा बांधलाय. डोंगरावरचं पावसाचं पाणी तो अडवतो आणि उताराने शेक पिकच्या जलाशयात नेऊन सोडतो. आपण त्या कालव्याच्या कडेने चालायचं. धरण 1963 चं. खोऱ्यातली गावं उठवून बांधलं आणि तिथून समुद्राखालच्या नळाने पाणी मुख्य बेटावर नेलं.

देशपांडेसर: म्हणजे सयाजीरावांच्या आजवा तलावाचा धाकटा भाऊ.

जोशीकाका: बरोबर! मी लेकीला तेच सांगत होतो, ती म्हणाली बाबा, आता आजवा नको. कारण माझे पाय बोलायला लागले होते. चढावर दम लागतो, पण थांबलं की तो जातो. सिमेंटवर दीड तास एकाच लयीत चाललं की तळवे पेटतात, आणि थांबलं तर पुन्हा उठवत नाही. मी चढाची भीती घेऊन गेलो होतो, मला पाडलं सपाटीने. बूट जाड तळाचे हवेत. माझे कमाटीबागेतले होते.

शिल्पा: आम्ही मार्चमध्ये जायचं म्हणतोय. व्हिसा?

जोशीकाका: 14 दिवसांपर्यंत व्हिसा नको, पण निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. मार्चमध्ये धुकं असतं, लेक म्हणते नोव्हेंबर-डिसेंबरच बरे. आणि साडेआठला नव्हे, सातला निघा. हिवाळ्यात पावणेसहाला सूर्य मावळतो. आम्ही धरणावर बसची वाट बघत उभे राहिलो तेव्हा डोंगराची सावली पाण्यावर पूर्ण पसरली होती. बस दिसल्यावर मला उगाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मिलिंद: पुढच्या रविवारी पावागढ करायचा का सरावाला? चांपानेरपासून पायी. माचीपर्यंत गाडी नाही आणि रोपवेचं नाव काढायचं नाही.

शिल्पा: मी येते. पहाटे पाचला गेटवर.

देशपांडेसर: मी चांपानेरात मशिदी बघत बसेन. तुम्ही वर जाऊन या.

रेखाकाकू: आमच्याकडून कोणी येणार नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवस जिनासुद्धा नको सांगितलाय.

जोशीकाका: मी सरांबरोबर मशिदी बघेन. सपाट आहे.

प्रधान: ते सगळं ठीक. ताई ओहून काही आणलंत का, ते सांगा.

रेखाकाकू: आणलंय. त्या कोळंबीची वडी. तीन पिशव्यांत बांधून बाल्कनीत ठेवलीय, तरी देवघरापर्यंत वास येतो. प्रधान भावजी, आजच्या आज घेऊन जा.

प्रधान: निघालोच.